नेम चुकतो तो दणक्याच्या आधी

दिवाळीत सुतळी बॉम्बला उदबत्ती लावणाऱ्या माणसाकडे नीट बघा. वात पेटायच्या आधीच त्याची मान मागे गेलेली असते, डोळे किलकिले झालेले असतात, खांदे कानांपर्यंत चढलेले असतात आणि उदबत्तीचं टोक वात सोडून भलतीकडेच टेकत असतं. बॉम्ब अजून फुटलेला नाही, पण अंगानं तो फुटल्याचं धरूनच टाकलंय. म्हणून तर वात तीन-तीनदा लावावी लागते.

बंदुकीचा दणका आणि नेमबाजाचा नेम यांचं नातं असंच आहे. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझ मिळवलं (स्पर्धा झाली पॅरिसपासून दूर, शातोरूला), तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या आमच्या घरच्या मंडळींना एकच कोडं पडलं होतं. सिनेमात बंदूक झाडली की हिरो हादरतो, समोरचा तर दहा फूट उडतो. मग याची रायफल हलत कशी नाही? आणि हलत नसेल तर एवढं अवघड काय आहे?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरासाठी थोडं मागून सुरुवात करू.

दणका येतो कुठून

लहान होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागे सरकते. भाऊच्या धक्क्याला लागणाऱ्या मोठ्या लाँचमधून तशीच उडी मारली तर लाँच हललेली कळतही नाही. उडी तीच, पण एकीकडे हलकी होडी, दुसरीकडे जडशीळ लाँच. (बंदुकीच्या धक्क्यावरच्या लेखात भाऊचा धक्का आणायचा मोह मला आवरला नाही.)

बंदुकीत उडी मारणारी असते गोळी, आणि होडीच्या जागी असते बंदूक. दारू जळते, तिचा वायू होतो, तो गोळीला पुढे आणि बंदुकीला मागे ढकलतो. गोळी बाहेर पडल्यावर तिच्यापाठोपाठ तो वायूही सुसाट निघतो, आणि तोंड सोडलेला फुगा जसा उलटा पळतो तसा बंदुकीला आणखी एक रेटा देतो. या सगळ्याला म्हणतात रिकॉइल. रेंजवर 'किक' म्हणतात. आपण दणका म्हणू.

आता आकडे. स्वप्नील वापरतो ती .२२ बोअरची, म्हणजे एनसीसीवाल्यांच्या भाषेत 'पॉइंट टू-टू'. तिची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. आणि रायफल? या प्रकारात नियमानं ती ८ किलोपर्यंत असू शकते. ७ किलोची धरली तर ती मागे येते सेकंदाला जेमतेम १३ सेंटिमीटर वेगानं. गोगलगायीपेक्षा बरी, एवढंच.

त्याच्या शेजारी जुनी थ्री-नॉट-थ्री ठेवा. गोळी ११ ग्रॅमच्या पुढे, वेग दुपटीहून जास्त, आणि रायफल मात्र चारच किलोची. ती खांद्यावर येते ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. सकाळी मैदानावर धावणाऱ्या माणसाच्या हातात चार किलोचं कलिंगड द्या आणि धावता धावता ते तुमच्या खांद्यावर आपटायला सांगा, साधारण तसं. मागे येणाऱ्या रायफलीतली ऊर्जा पॉइंट टू-टूच्या दोनशेपटींहून जास्त भरते. पोलीस आणि होमगार्डच्या कित्येक पिढ्यांनी खांद्यावर काळेनिळे डाग घेऊन हा हिशेब पाठ केलाय.

म्हणजे पहिलं उत्तर मिळालं: स्वप्नीलची रायफल हलते, पण फार थोडी. गोळी हलकी आणि बंदूक जड आहे म्हणून.

सिनेमातला माणूस उडतो, ते?

खोटं. गोळी समोरच्याला जेवढा रेटा देते, साधारण तेवढाच ती झाडणाऱ्याच्या हाताला देऊन निघालेली असते. पिस्तुलाच्या ९ मिलिमीटरच्या गोळीचा सगळा रेटा ७० किलोच्या माणसाला मिळाला, तरी तो सेकंदाला चार सेंटिमीटर वेगानं सरकेल. गोळीनं माणूस काच फोडून बाहेर फेकला जात असता, तर हिरोही मागच्या भिंतीतून बाहेर गेला असता. गोळी जीव घेते ती आत शिरून, ढकलून नव्हे.

गोळी तर कधीच निघून गेली, मग नेम कसा हलतो?

हा आक्षेप हुशार आहे. गोळीला .२२ रायफलीच्या नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे दोन-तीन सहस्रांश लागतात. माणसाला एखादी गोष्ट जाणवून हात हलवायला लागतात सुमारे दोनशे सहस्रांश. म्हणजे दणका 'लागला' असं आपल्याला वाटतं तेव्हा गोळी कधीच लक्ष्याच्या पल्याड गेलेली असते. मग दणक्याचा नेमाशी संबंध काय?

थोडा आहे. गोळी नळीत असतानाच बंदूक मागे सरकायला लागलेली असते. गोळी बंदुकीपेक्षा जितक्या पटींनी हलकी, नळीच्या लांबीच्या तितकावा भाग बंदूक त्या वेळात सरकते. स्वप्नीलसारख्याच्या रायफलीत ते भरतं पाव मिलिमीटर. थ्री-नॉट-थ्रीत दोन मिलिमीटर. वाचायला किरकोळ वाटतं, पण ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. दस्ता खांद्याला टेकलेला आणि नळीचं तोंड मीटरभर पुढे, अशा वेळी ते तोंड ०.१ मिलिमीटर बाजूला झालं की मधोमध लागणारी गोळी वर्तुळाच्या काठावर जाते. ०.१ मिलिमीटर म्हणजे डोक्यावरच्या एका जाड केसाची जाडी.

शिवाय बंदूक सरळ मागे येत नाही. उभं कपाट वरच्या बाजूनं ढकललं की ते सरकण्याआधी कलंडतं. पिस्तुलाची नळी मनगटाच्या वर असते, रायफलीची नळी बहुधा दस्ता खांद्याला टेकतो त्या जागेच्या वर. त्यामुळे मागचा रेटा बंदुकीचं तोंड वर उचलतो. यातून एक गंमत होते. एकाच पिस्तुलातून जवळच्या लक्ष्यावर जड, संथ गोळी झाडली तर ती हलक्या, वेगवान गोळीच्या वर लागते, कारण ती नळीत जास्त वेळ रेंगाळते आणि तोपर्यंत तोंड जास्त वर गेलेलं असतं.

पण मग सगळेच नेम चुकायला हवेत. ते चुकत नाहीत, कारण हे सरकणं दरवेळी सारखं असेल तर माशी, म्हणजे नेम धरायचा काटा, तेवढा फरक धरूनच बसवता येतो. तुमच्या घरातलं घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे असेल तर ८.१२ ची लोकल चुकत नाही. एक दिवस पाच मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं पुढे असेल, तर मात्र प्लॅटफॉर्मवर धावत जायची वेळ येते. दणक्याचंही तसंच. तो किती आहे याहून तो दर गोळीला तसाच आहे का, हे नेमासाठी महत्त्वाचं. आणि तो तसाच राहायचा तर धरणारा माणूस तसाच राहायला हवा. खरी अडचण तिथे सुरू होते.

अंगाला आठवण राहते

मी पॉइंट टू-टू पहिल्यांदा हातात घेतली ती कॉलेजातल्या एनसीसीच्या शिबिरात. पाच राउंड मिळाले. पहिली गोळी बरी गेली, कारण काय होणार ते ठाऊकच नव्हतं. पुढच्या चार कुठे गेल्या ते उस्तादांनी कागद बघून सांगितलं, आणि मग मला सांगितलं, "गोळी को नहीं, तू आवाज को मार रहा है." त्या वेळी मला तो टोमणा वाटला होता. ते निदान होतं, हे बऱ्याच वर्षांनी कळलं.

दणका आणि आवाज एकदा अनुभवला की पुढच्या वेळी अंग त्याची तयारी करतं. इंजेक्शनची सुई टोचायच्या आधी स्नायू आवळतो आणि नर्स म्हणते "सैल सोडा", तसं. बंदुकीवर ही तयारी अनेक रूपांत दिसते. डोळा मिटतो. खांदा दस्त्याला भिडायला पुढे जातो. मनगट तोंड खाली दाबतं, कारण ते वर उडणार हे त्याला माहीत असतं. बोट ट्रिगर हळूहळू दाबायचं सोडून एकदाचं उरकून टाकल्यासारखं खेचतं. उजव्या हाताच्या नवख्या नेमबाजाच्या पिस्तुलाच्या गोळ्या लक्ष्याच्या खाली आणि डावीकडे गोळा झालेल्या दिसल्या की प्रशिक्षक पहिला संशय याचाच घेतात. हे आधीच दचकणं गोळी सुटायच्या आधी होतं, त्यामुळे त्याच्या हातात सेकंदाचे दोन सहस्रांश नसतात, निवांत अर्धा सेकंद असतो. पाव मिलिमीटर सरकणाऱ्या बंदुकीपुढे हा गोंधळ हत्तीएवढा मोठा.

आणि दचकणाऱ्याला हे कळत नाही. त्याची बाजू घ्यायची तर, कळणार कसं? दचकण्याला लागूनच खरा दणका येतो आणि पुरावा पुसून टाकतो.

तो पुरावा पकडायची एक जुनी युक्ती आहे. प्रशिक्षक मॅगझिन स्वतः भरतो आणि खऱ्या गोळ्यांमध्ये एखादी डमी, म्हणजे दारू नसलेली, सरकवून देतो. कुठली ते नेमबाजाला माहीत नसतं. तो नेम धरतो, ट्रिगर दाबतो, आवाज येतो फक्त 'खट्'. आणि त्या शांततेत पिस्तुलाचं तोंड बोटभर खाली डुचकलेलं सगळ्यांना दिसतं. दणका आलाच नाही, तरी हात त्याच्याशी झुंजून मोकळा झाला. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस बंदुकीला दोष देणं सोडतो.

यात आवाजाचा वाटा फार मोठा असतो. मोठ्या रायफलीचा आवाज नेमबाजाच्या कानाशी १५० डेसिबलच्या पुढे जातो. मेंदू आवाज आणि दणका वेगळे मोजत बसत नाही, दोन्ही मिळून एकच 'धडाम' ठरवतो. म्हणून कानात बोळे घालून वर इअरमफ चढवला की त्याच बंदुकीचा दणका कमी झाल्यासारखा वाटतो, आणि दचकणंही कमी होतं. नवख्याला पॉइंट टू-टूवर शिकवतात ते काडतूस स्वस्त म्हणून, हे खरंच. पण हात न घाबरता शिकतो, हा फायदा त्याहून मोठा.

घट्ट धरलं की काम झालं?

हा सल्ला अर्धाच खरा आहे. लष्करी रायफलीचा दस्ता खांद्याच्या खोबणीत नीट बसवायचा, हे बरोबर. मध्ये फट राहिली तर बंदूक त्या फटीत वेग घेऊन येते आणि ठोसा मारते. फट नसेल तर तोच रेटा ढकलल्यासारखा लागतो. पण मूठ इतकी आवळली की बोटं थरथरायला लागली, तर त्या थरथरीनंच नेम जातो.

याचं सगळ्यात नाठाळ उदाहरण म्हणजे स्प्रिंगची एअर रायफल, क्लबात पुष्कळांचा हात जिच्यावर बसतो ती. बार लहान, छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, तरी नेमाला महाकर्मकठीण. कारण ट्रिगर दाबल्यावर तिच्यातला जड दट्ट्या आधी पुढे झेपावतो, म्हणून बंदूक मागे येते. मग तो पुढे हवेच्या गादीवर आदळतो आणि बंदूक उलटी पुढे जाते. हे सगळं छर्रा अजून नळीत असताना. अशी बंदूक जितकी घट्ट आवळाल तितकी ती रुसते. जाणकार तिला हातावर नुसती ठेवतात, तिला जशी नाचायची तशी नाचू देतात, फक्त दरवेळी त्याच जागी, तितक्याच सैल हातानं. दहा मीटरच्या ऑलिम्पिक प्रकारात आता स्प्रिंग जाऊन दाबून भरलेली हवा आली आहे, आणि उरलासुरला झटका गिळायला आत लहानशी सरकती वजनंही बसवलेली असतात. तिथे रायफलीच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

"धिप्पाड माणसाला दणका कमी लागतो" हेही लोक ठासून सांगतात. बंदूक येते ती त्याच वेगानं. फरक पडतो तो शरीर तिच्याबरोबर थोडं मागे जातं का, याचा. उभा माणूस लवतो आणि रेटा पचवतो. पोटावर झोपून मोठी रायफल झाडणाऱ्याच्या खांद्याला मागे जायला जागाच नसते, म्हणून तीच रायफल झोपून जास्त बोचते. सडपातळ मुलगी नीट उभी राहून जे सहज पेलते, ते भिंतीसारखा ताठ उभा राहणारा पैलवान अंगावर घेतो.

चार सेकंदांत पाच गोळ्या

एका गोळीपुरता हिशेब झाला. दणक्याचा खरा कस लागतो तो लगेच दुसरी गोळी मारायची असते तेव्हा. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये लष्कराच्या विजयकुमारनं रौप्य मिळवलं ते २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात. या प्रकारात शेजारी शेजारी पाच लक्ष्यं असतात आणि प्रत्येकावर एक गोळी मारायची. सुरुवातीला आठ सेकंद, मग सहा, मग चार. चार सेकंदांत हात वर आणून पाच गोळ्या. इथे प्रत्येक दणक्यानंतर पिस्तुलाचं तोंड उडतं, ते खाली येईपर्यंत हात पुढच्या लक्ष्याकडे निघालेला असतो. थांबून सावरायला वेळच नाही.

म्हणून या प्रकाराची हत्यारं दणका कमी करायच्या नादात विचित्र होत गेली. १९५० च्या दशकात सोव्हिएत कारागिरांनी चक्क उलटं पिस्तूल बनवलं, नळी खाली, मुठीच्या रेषेत. रेटा सरळ मनगटात येईल आणि तोंड वर उडणारच नाही. कल्पना इतकी चालली की तिच्यावर बंदी आली. पुढे कित्येक वर्षं .२२ शॉर्ट नावाचं मवाळ काडतूस चालायचं. २००५ पासून तेही गेलं, नेहमीचं .२२ लाँग रायफल काडतूस आणि किमान एक किलोचा जोर लावल्याशिवाय न दबणारा ट्रिगर सक्तीचा झाला. पिस्तुलाचं कमाल वजनच १.४ किलो. म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त जोर लावून ट्रिगर दाबायचा आणि तरी पिस्तूल हलवायचं नाही.

लष्करी रायफलीत हेच संकट दसपट होतं. मिनिटाला सहाशे गोळ्या म्हणजे सेकंदाला दहा. माणूस सावरायला सेकंदाचा पाचवा भाग घेतो, तेवढ्यात आणखी दोन सुटलेल्या असतात आणि तोंड प्रत्येकीला थोडं थोडं वर चढत असतं. आपल्या इन्सास रायफलीत म्हणूनच एका दाबात सलग सुटतात त्या तीन गोळ्या, जास्त नाही.

तोफ जागेवर राहायला शिकली

ज्यांना हा सगळा प्रकार नेमबाजांची नाजूक तक्रार वाटते, त्यांनी तोफांकडे बघावं. विजापूरच्या मुलूख-ए-मैदानबद्दल सांगतात की बत्ती दिल्यावर गोलंदाज आवाजापासून वाचायला शेजारच्या हौदात बुडी मारायचा. खरं-खोटं हौदाला ठाऊक, पण चाकांवरच्या तोफांचं दुखणं वेगळंच होतं. प्रत्येक बारानंतर तोफ मागे घरंगळायची. ती माणसांनी ढकलून जागेवर आणायची, पुन्हा नेम धरायचा, मग पुढचा बार. दणका नेम मोडायचा आणि वेळही खायचा.

१८९७ मध्ये फ्रेंचांनी ७५ मिलिमीटरची तोफ आणली, तिच्यात नळी पाळण्यावर बसवलेली होती. बार झाला की नळी एकटीच मीटरभराहून जास्त मागे सरकायची, तेल आणि दाबलेली हवा तिला हळुवार अडवून पुन्हा पुढे आणायची. चाकं जागच्या जागी, नेम तसाच. मिनिटाला पंधरा बार शक्य झाले. जगातल्या इतर तोफा एका रात्रीत जुन्या झाल्या, म्हटलं तरी चालेल. दणका तेवढाच होता, फक्त तो एका झटक्यात न येता पसरून येऊ लागला. उंचावरून उडी मारल्यावर आपण गुडघे वाकवतो, तेच.

तोफखान्याच्या जवानांचं प्रशिक्षण जिथे होतं त्या नाशिकजवळच्या देवळालीला, किंवा कारगिलच्या चित्रफितींत, बोफोर्स बघितली असेल तर नळीच्या टोकाला एक जाडसर, भोकांचा तुकडा दिसला असेल. तो मझल ब्रेक. गोळ्यामागून सुटणारा वायू तो बाजूला आणि मागे वळवतो, त्यामुळे त्या वायूचा रेटा तोफेला उलट पुढे ओढतो. हल्ली मोठ्या रायफलींवरही तो लावतात. मारणाऱ्याचा खांदा वाचतो, पण आवाज आणि हवेचा फटका शेजाऱ्याच्या कानशिलात बसतो. रेंजवर मझल ब्रेकवाल्याच्या बाजूची जागा शेवटपर्यंत रिकामी का राहते, हे आता वेगळं सांगायला नको.

दणका निरोपही देतो

मुरलेले नेमबाज दणक्याशी झुंजतही नाहीत आणि त्याच्याकडे पाठही फिरवत नाहीत. ते तो वाचतात. उभं, बसून किंवा झोपून नीट बसलेल्या नेमबाजाची रायफल दणक्यानंतर आपोआप त्याच लक्ष्यावर परत येऊन थांबते. ती दरवेळी जरा उजवीकडे थांबत असेल, तर याचा अर्थ स्नायू तिला ओढून धरत होते आणि दणक्यानं ती ओढ सोडवली. मग हात हलवून भागत नाही, पाय उचलून सगळं शरीर केसभर फिरवावं लागतं. म्हणूनच गोळी सुटल्यावरही ते क्षणभर तसेच, गालही न उचलता, नेमातून बघत राहतात. टीव्हीवर तो क्षण ध्यान लावल्यासारखा दिसतो. तो असतो निरोप वाचण्याचा.

आणि उरलेला सराव गोळीशिवाय होतो. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून नुसता ट्रिगर दाबायचा. काही जण नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवतात. ट्रिगर दाबला, 'खट्' झालं, आणि नाणं तिथेच राहिलं तर पुढचा. पडलं तर वाकून उचलायचं आणि पुन्हा ठेवायचं.